सेल्टिक की रेंजर्स? ग्लासगोत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

दिवाळीच्या फराळाला हॉलवर जमलो होतो. लिव्हरपूलची लाल जर्सी घातलेला एक पोरगा, सप्टेंबरातच शिकायला आलेला, माझ्या शेजारी चकली मोडत बसला होता. म्हणाला, "काका, शनिवारी मॅच कुठं बघता?" म्हटलं, फरहिलला. तर म्हणतो, "हा कुठला पब?"

पब नव्हे रे बाबा, मैदान आहे. पण तेवढ्यात अनारसे आले आणि विषय राहिला. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो त्याच्या एकट्याचा नव्हता. तुमच्यातले निम्मेअधिक ग्लासगोत राहून लंडन-मँचेस्टरचे सामने पडद्यावर बघतात. पंढरपुरात खोली घेऊन तिरुपतीला फोनवरून हात जोडण्यातला प्रकार हा. म्हणून हे पत्र. मी गेली वीस वर्षं पार्टिक थिसल या इथल्या फुटबॉल क्लबचा माणूस आहे, फरहिल हे त्याचंच मैदान, तेव्हा निःपक्षपातीपणाची अपेक्षा धरू नका.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कुणीतरी विचारलं असेल, सेल्टिक की रेंजर्स? ऑफिसात, टॅक्सीत, केस कापताना. प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. सेल्टिक हा १८८७ साली एका कॅथलिक ब्रदरने (व्रतस्थ शिक्षकाने) काढलेला क्लब, आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरिबांना जेवण मिळावं म्हणून. रेंजर्सची ओळख पुढे प्रोटेस्टंट, राजनिष्ठ अशी घट्ट होत गेली. त्यामुळे विचारणारा बहुतेक वेळा फुटबॉलचंच विचारत असतो, पण कधी कधी आडनाव विचारल्यासारखं विचारतो. आणि आडनावावरून माणसं काय काय काढतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

अशा वेळी ग्लासगोतली शहाणी माणसं 'थिसल' म्हणतात आणि सुटतात. समोरचा हसतो, बिचारा म्हणून बघतो, आणि बोलणं पावसावर जातं. मीसुद्धा पहिल्यांदा सुटण्यासाठीच म्हटलं होतं. मग वाटलं, आता म्हटलंच आहे तर एकदा बघून तरी यावं.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडं तालमींचे फुटबॉल संघ असतात. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत भर दुपारी दुकानांची शटरं अर्धी खाली. आपला संघ कुठला हे तिथं कुणी निवडत नाही, घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर ते ठरलेलं असतं. आजोबांनी खांद्यावर बसवून नेलं, संघ हरला, आजोबा घरी येऊन न जेवता झोपले, की झालात तुम्ही त्या तालमीचे. ग्लासगोत माझं पहिलं घर मेरीहिल रोडला होतं, फरहिलपासून चालत दहा मिनिटं. म्हणजे पेठ ठरलेलीच होती. मला कळायला तीन महिने लागले, एवढंच.

तो पहिला शनिवार अजून आठवतो. नोव्हेंबर, तीनला सामना सुरू झाला आणि चारच्या आतच अंधारून आलं. दिवे लागले तेव्हा पाऊस आडवा पडतोय हे दिसलं. मैदानाला लागूनच जुना कालवा आहे, त्याच्यावरून येणारा वारा थेट कानात शिरतो. मध्यंतराला रांगेत उभा राहून मटणाचा स्कॉच पाय घेतला. पुठ्ठ्यासारख्या कडक कडा, आत मिरपुडीचा झणका, आणि पहिला घास घेताच उकळतं तूप मनगटावरून बाहीत. सामना गोलशून्य सुटला. पण उत्तरार्धात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उभं राहून पंचांना उद्देशून जे काही सुनावलं, त्यातला एक शब्द मला कळला नाही, सूर मात्र पुरता कळला. तोच सूर मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऐकत लहानाचा मोठा झालो होतो. पुढच्या शनिवारी मी परत गेलो.

नावाची गंमत सांगतो. थिसल म्हणजे स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल, आपल्या माळावरच्या उंटकटाऱ्याचा चुलतभाऊ. क्लब निघाला १८७६ साली, पार्टिकमध्ये. पार्टिक तेव्हा ग्लासगोत नव्हतंच, स्वतंत्र नगर होतं. शहराने ते १९१२ साली पोटात घेतलं, आणि क्लब त्याच्या तीन वर्षं आधीच मेरीहिलला, फरहिलवर येऊन बसला होता. म्हणजे पार्टिक थिसल पार्टिकमध्ये खेळतच नाही, शंभरावर वर्षं झाली. यात हसण्यासारखं काही नाही. चार पिढ्या गिरगावात काढलेले सातारकर आपल्यात कमी आहेत का?

त्या मूळ पार्टिकमध्ये तुम्हाला दाखवण्यासारखी एक जागा आहे. हॅमिल्टन क्रेसेंट, वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबचं मैदान. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना या क्रिकेटच्या मैदानावर झाला. ३० नोव्हेंबर १८७२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. इंग्रज अंगाने दांडगे, चेंडू मिळाला की एकेकटे डोकं खाली घालून सुटायचे. स्कॉटिश पोरं चेंडू एकमेकांना देत पुढे सरकायची. निकाल ०-०, पण पास देत खेळायची जी पद्धत आज जगभर चालते, तिची पाळंमुळं या गावात आहेत. ३० नोव्हेंबर २०२५ ला त्याला १५३ वर्षं झाली. तुमच्यातले काही जण त्या मैदानाच्या कुंपणाला खेटून रोज कॉलेजला जातात आणि मान वर करून बघत नाहीत.

आता आमच्या क्लबची कीर्ती. बिली कॉनोली हा ग्लासगोचा विनोदवीर म्हणायचा की, लहानपणी आपल्याला क्लबचं पूर्ण नाव 'पार्टिक थिसल निल' आहे असंच वाटायचं, कारण रेडिओवर निकाल वाचताना नावापुढे शून्य ठरलेलं. विनोद जुना झाला, शून्य अधूनमधून अजून येतं. पण २३ ऑक्टोबर १९७१ ही तारीख फरहिलवर कुणालाही विचारा. हॅम्पडनला, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मैदानावर, लीग कपची फायनल. समोर सेल्टिक, चार वर्षांपूर्वी युरोपियन कप जिंकलेला, १९७० साली पुन्हा त्याच्या फायनलपर्यंत गेलेला. आम्ही नुकतेच खालच्या विभागातून वर आलो होतो. मध्यंतराला ४-०. आमचे चार. शेवटी ४-१. माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. मध्यंतराचा आकडा ऐकून त्यांच्या वडिलांनी रेडिओ बिघडला म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या होत्या. हा किस्सा मी आजवर चाळीसदा ऐकला असेन, आणि दर वेळी चापट्यांची संख्या वाढते.

इथवर गोड बोललो. आता या खेळाचं दुखणंही सांगतो, नाहीतर फसवून नेलं म्हणाल.

२०२५ पर्यंतचा हिशेब सांगतो: स्कॉटलंडची लीग सेल्टिक आणि रेंजर्स सोडून दुसऱ्या कुणी शेवटची जिंकली ती १९८५ साली. ॲबरडीनने, आणि तेव्हा त्यांचा मॅनेजर होता ॲलेक्स फर्ग्युसन. त्यानंतर चाळीस वर्षं दोघांच्याच घरी पाळणा. दोघांची मिळून ११० विजेतेपदं, ५५ आणि ५५. २०२५-२६ च्या हंगामात एडिनबराच्या हार्ट्सनी झोकात सुरुवात केली, तेव्हा ते शेवटपर्यंत टिकले तर कालव्याकाठी पेढे वाटीन असं मी म्हटलं होतं. पण ताटातलं वाढपच असं आहे की टिकणं अवघड. सगळ्यात वरच्या विभागात, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, बारा संघ. ३३ सामने झाले की तक्ता मधोमध चिरतात, वरचे सहा वेगळे, खालचे सहा वेगळे, मग प्रत्येकी आणखी पाच. कुणी कुणाशी तीनदा खेळतं, कुणी चारदा. कुणाला घरचे सामने जास्त, कुणाला कमी. असली विचित्र रचना कशासाठी? माझं मत विचाराल तर सेल्टिक-रेंजर्स वर्षातून चारदा टीव्हीवर दाखवता यावेत यासाठी. बाकीचे दहा त्या लग्नातले वऱ्हाडी.

मोठे क्लब मोठेच राहणार, त्यात काय एवढं, असं म्हणाल. मग २०१२ ते २०१६ बघा. रेंजर्स कर्जात बुडाले, जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि त्यांना पुन्हा वरच घ्यायचं की नाही यावर खल सुरू झाला. कारभारी सांगत होते, रेंजर्स वर नसतील तर सगळा डोलारा कोसळेल. तेव्हा बाकीच्या क्लबांच्या चाहत्यांनी आपापल्या क्लबांना कळवलं: त्यांना मागच्या दाराने घेतलंत तर सीझन तिकीट विसरा. क्लबांनी ऐकलं. रेंजर्सना चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. आणि डोलारा कसा कोसळला? २०१३ चा लीग कप सेंट मिरनला. २०१४ चा ॲबरडीनला, आणि त्याच वर्षी सेंट जॉन्स्टनने इतिहासात पहिल्यांदा स्कॉटिश कप नेला. २०१५ चा इन्व्हर्नेसने, पहिल्यांदाच. २०१६ चा लीग कप रॉस काउंटीकडे, आणि स्कॉटिश कप हिबर्नियनकडे, १९०२ नंतर थेट! लीग दरवर्षी सेल्टिकनेच जिंकली, हेही सांगितलं पाहिजे. पण त्या चार वर्षांत लहान गावांतून जेवढ्या मिरवणुका निघाल्या तेवढ्या मी ना आधी पाहिल्या ना नंतर.

आमच्या क्लबचं म्हणाल, तर २०१७ साली आम्ही प्रीमियरशिपमध्ये सहावे होतो. २०१८ ला खाली आलो. २०२० ला आणखी खाली. तीन वर्षांत माडीवरून तळघरात. पहिली घसरण आमच्या कर्माची, तिच्याबद्दल रडत नाही. दुसरीबद्दल मात्र अजून रडतो. करोनामुळे मार्चमध्ये खेळ थांबला तेव्हा आम्ही तळाला होतो, कबूल. २७ सामन्यांत २६ गुण. आमच्या वरच्या क्वीन ऑफ द साउथचे २८ सामन्यांत २८. आमचा एक सामना जास्तीचा शिल्लक, एकूण नऊ बाकी. लीगने काय करावं? गुणांना सामन्यांनी भागावं. त्यांचा आला १, आमचा ०.९६. चेंडू न लाथाडता, भागाकाराने खाली गेलेला क्लब तुम्ही पाहिलाय? त्या ठरावाचं मतदान तर लोकनाट्यात शोभलं असतं. डंडी क्लबने 'नाही' म्हणून पाठवलेलं मत वेळेत पोहोचलंच नाही म्हणे, आणि पाच दिवसांनी तेच मत 'हो' होऊन आलं. ठराव मंजूर. आपल्याकडं साखर कारखान्याच्या सभेत असं झालं असतं तर खुर्च्या उडाल्या असत्या, इथं वकील उडाले. तसेच खाली ढकललेले हार्ट्स आणि आम्ही मिळून लवादापर्यंत गेलो, हरलो. वरच्या गटात दोन संघ वाढवून सगळ्यांनाच सांभाळून घ्यायची सूचना होती, तीही क्लबांनीच पाडली. शेजाऱ्याचं घर पाण्यात जातंय आणि आपलं जोतं उंच आहे, म्हटल्यावर माणसं कशी वागतात ते त्या उन्हाळ्यात बघितलं. पुढच्या वर्षी आम्ही तो तिसरा विभाग जिंकून परत वर आलो, पण राग काही गेला नाही. तो जाऊ नये असंच मला वाटतं.

आणि डिंगवॉल. ४ जून २०२३. हा परिच्छेद मी दोनदा खोडला.

चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात, आम्ही चौथे आलो होतो. इथं चौथ्याला वर जायचं तर प्लेऑफचे सहा सामने खेळावे लागतात, आणि प्रीमियरशिपमध्ये अकरावा आलेला क्लब आरामात बसून फक्त शेवटचे दोन खेळतो. घराच्या मालकाने दार आतून धरावं तशी ही सोय. तरी आम्ही क्वीन्स पार्कला धुतलं, एअर युनायटेडला धुतलं, फरहिलवर रॉस काउंटीला २-० हरवलं. परतीचा सामना पार इन्व्हर्नेसच्या पलीकडे, डिंगवॉल नावाच्या चिमुकल्या गावात. पहाटे बसने निघालो. तिथं आम्ही आणखी एक मारला, एकूण ३-०. वीस मिनिटं राहिली होती. बसमधले लोक पुढच्या वर्षी रेंजर्सच्या मैदानावर, आयब्रॉक्सला, कुणी कुणाला न्यायचं ते ठरवत होते. मग त्यांना पेनल्टी मिळाली. ती मारली यान धांडाने, पंजाबी मुळांचा पोरगा. इतर वेळी आपला माणूस म्हणून मी त्याचं कौतुक सांगत फिरलो असतो. मग दुसरा, आणि सामना संपता संपता तिसरा. ३-३. पेनल्टींच्या टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये साडेतीन-चार तास कुणी बोललं नाही. पर्थच्या आसपास आजोबांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. त्यात साखर नव्हती. मी न सांगता प्यायलो. २०२४ ला पुन्हा प्लेऑफ, पुन्हा टायब्रेकर, पुन्हा तेच. २०२५ ला पुन्हा प्लेऑफ, पुन्हा हार. सवय होत नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ ला हॅम्पडनवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. तिसऱ्याच मिनिटाला मॅकटॉमिनेची हवेतली कैची, आणि अगदी शेवटच्या क्षणी केनी मॅक्लीनने मध्यरेषेवरून मारलेला चेंडू. तुमच्यातले कितीतरी जण त्या रात्री रस्त्यावर नाचत होते, मी पाहिलं, बरं वाटलं. आता लिव्हरपूलवाल्या पोराला एकच विचारतो. त्या संघाचा कॅप्टन अँडी रॉबर्टसन, तुझ्या लाडक्या लिव्हरपूलकडून खेळलेला, तो आला कुठून? सेल्टिकने लहानपणी नको म्हटलेला हा पोरगा २०१२-१३ मध्ये क्वीन्स पार्ककडून चौथ्या विभागात खेळत होता, आणि त्या क्लबात तेव्हा खेळायचे पैसेही मिळत नव्हते. त्याच्या आधीच्या पिढीतला तुमचा ॲलन हॅन्सन १९७७ साली लिव्हरपूलला गेला, तो फरहिलवरून. १९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्कॉटलंडचा गोलरक्षक ॲलन रफ, तोही थिसलचाच. टीव्हीवर दिसतं ते कणीस. पेरणी इथं चिखलात चालू असते, शे-पाचशे माणसांसमोरसुद्धा.

राहिला व्यवहार. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये सहसा फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवता येत नाही. लहान मैदानं ओस पडू नयेत म्हणून केलेला जुना नियम आहे. तेव्हा साडेबाराचा सामना बघा, साडेपाचचाही बघा, मधला वेळ तसाही रिकामाच आहे. सबवेने सेंट जॉर्जेस क्रॉसला उतरा, मेरीहिल रोडने वीस मिनिटं चाला, लाल-पिवळे मफलर दिसायला लागले की त्यांच्या मागून वळा. आत दारू मिळत नाही. १९८० च्या कप फायनलनंतर सेल्टिक-रेंजर्सच्या लोकांनी हॅम्पडनवर मारामारी केली, त्याची शिक्षा आम्ही अजून भोगतोय. बोव्हरिल नावाचं गरम काहीतरी मिळतं, ते गोमांसाचं असतं, चालत नसेल त्याने चहा घ्यावा. शाकाहारी मंडळींसाठी मॅकरोनी पाय आहे. हसू नका, थंडीत देवासारखा धावून येतो. लहान मूल आणणार असाल तर किंग्जलीची आधी कल्पना द्या. डेव्हिड श्रिग्ली या चित्रकाराने २०१५ साली काढलेलं आमचं शुभचिन्ह आहे ते, चिडलेल्या सूर्यासारखं, एका भुवईचं. माझी मुलगी पहिल्यांदा बघून अर्धा तास रडली होती. आता तिच्या खोलीच्या दारावर तोच आहे.

आणि हो, क्लब कुणा शेखाचा नाही. कॉलिन वीअर नावाच्या थिसलप्रेमी माणसाला २०११ साली बायकोसोबत १६१ दशलक्ष पौंडांची लॉटरी लागली. त्याने २०१९ साली क्लबचे निम्म्याहून जास्त शेअर्स घेतले, ते चाहत्यांच्या हाती द्यायचे म्हणून. महिन्याभरातच तो गेला. शेअर्स चाहत्यांपर्यंत यायला पुढे बरीच वर्षं आणि बरीच भांडणं लागली, पण आता ते चाहत्यांच्या वतीने एका ट्रस्टकडे आहेत. तालमीसारखंच आहे, वर्गणी देईल त्याने बैठकीत भांडावं.

डिसेंबरातल्या पहिल्या घरच्या सामन्याला मी अडीच वाजता जॅकी हजबंड स्टँडच्या दाराशी उभा असेन. लिव्हरपूलची जर्सी घालून आलात तरी चालेल, वरून जाड जाकीट असणारच आहे.

आपला,
शिवाजी पेठ, कोल्हापूर. हल्ली मुक्काम मेरीहिल

ता. क. हातमोजे आणा. आणि शेजारच्या आजोबांनी १९७१ चा विषय काढला तर रेडिओला किती चापट्या मारल्या ते मोजून मला सांगा. गेल्या खेपेला सहा होत्या.